कारणाचा रकाना

आश्विन लागला की नेकनूरच्या बाजारपेठेचा नूर पालटतो. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बालाघाटाच्या पठारावर वसलेले हे गाव आठवडी बाजारासाठी आणि जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी पंचक्रोशीत ओळखले जाते. सोयाबीन घरात येते, किंवा पावसाने दगा दिला असेल तर येतही नाही, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ट्रक व ट्रॅक्टर उभे राहू लागतात. बीड जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीला गेलेली ती पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा आणि बायको मिळून होतो एक 'कोयता'. दोन जिवंत माणसांची मोजणी एका हत्याराने करणारा हा शब्द इतका रुळला आहे की त्यात काही वावगे आहे असे बोलणाऱ्यालाही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

गाव सोडण्यापूर्वी मुकादम कोयत्याला 'उचल' देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. एखाद्या दिवशी कामावर जाता आले नाही तर तो 'खाडा' आणि खाड्याचे पैसे बाकीत चढतात. हंगाम संपताना उचल फिटली तर ठीक. न फिटली तर उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच ट्रक दारात येतो. बँकेच्या भाषेत याला आगाऊ वेतन म्हणता येईल, परंतु ज्या कर्जाची परतफेड हाच पुढील कर्जाचा आरंभ असतो, त्याला वेतन म्हणणे धाडसाचे आहे.

या बाजारपेठेत किराणा आणि धान्याचे एक जुने दुकान आहे. दुकानाचे मालक आता सत्तरी ओलांडलेले; गावात सारे त्यांना शेठजी म्हणतात. व्यवहार मुलाने हाती घेतला असला, तरी लाल कापडी बांधणीची खातेवही अजून शेठजींच्याच गादीजवळ असते. दुकान दानधर्मात मागे नव्हते. उन्हाळ्यात पाणपोई, शाळेतील मुलांना वह्या, गावातील सप्ताहाला धान्य, आणि अडल्यानडल्याला उधारी. दुष्काळाच्या वर्षांत शेठजींनी कुणाला पैशासाठी तोंडावर बोलल्याचे कोणाला आठवत नाही. मनुष्य देणारा होता. पण आपण देतो ते नेमके काय आणि कशासाठी, हा प्रश्न त्यांना वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. तो पडला ठाण्यात, तलावपाळीच्या एका बाकावर.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते करोनानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मुलीकडे ठाण्याला गेले होते. मोतीबिंदू काढल्यावर वाचन बंद, दूरदर्शन बंद. सकाळ-संध्याकाळ मासुंदा तलावाच्या काठी बसणे एवढाच उद्योग. त्याच इमारतीत राहणारे, गणित शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ तेथे येत. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक छोटी नळी तिरकी बसवलेली शेठजींनी पाहिली होती आणि ते कोणत्या धर्माचे असावेत याचा त्यांना उलगडा होत नव्हता. मराठी तर अस्सल कुलाब्याकडची. शेवटी त्यांनी विचारलेच.

"मास्तर, आपण मूळचे कुठले?"

"अलिबागजवळचे. आम्ही बेने इस्राएल. तुमच्याकडे ज्यू म्हणतात. कोकणात पूर्वी आम्हाला शनिवार तेली म्हणत. घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडायचा."

मराठवाड्यातील वाचकांना हा समाज फारसा परिचित नाही. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, अशी त्यांची परंपरा सांगते. आडनावे किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत आणि एकोणिसाव्या शतकात तर बायबलमधील कथांवर त्यांनी मराठीतून कीर्तनेही केली. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ सामाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. ठाण्यातील 'शार हाशमाईम' हे १८७९ चे. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज इस्राएलला झालेल्या स्थलांतरामुळे आता भारतात चार-पाच हजारांवर आला आहे.

मास्तरांच्या घरी चहाला गेले असता शेठजींना स्वयंपाकघराच्या फडताळावर पत्र्याची एक लहान पेटी दिसली. वर नाणे टाकण्यापुरती फट. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लावण्याआधी घरातील बाई तीत काही नाणी टाकते, एवढे त्यांना कळले. "म्हणजे दानपेटी," शेठजी म्हणाले. मास्तर हसले. "आम्ही तिला त्सदाका म्हणतो. दान म्हणा हवे तर, पण शब्द दानाचा नाही. त्याचे मूळ 'त्सेदेक' या शब्दात आहे आणि त्सेदेक म्हणजे न्याय."

शेठजी व्यापारी असल्याने त्यांना शब्दातला फरक चटकन उमगला. दान देणाऱ्याच्या खाती जमा होते. न्याय हे घेणाऱ्याचे येणे असते. एकाच रकमेची नोंद दोन वेगळ्या बाजूंना पडते. नेकनूरला ते जी पाणपोई चालवीत, तिच्या फलकावर वडिलांचे नाव होते. येणे चुकते करताना कोणी फलक लावतो काय?

त्यानंतरचे काही दिवस बाकावरची चर्चा याच विषयाभोवती फिरत राहिली. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणारे मोशे बेन मैमोन नावाचे थोर ज्यू धर्मशास्त्री होऊन गेले. पाश्चात्त्य जग त्यांना मायमोनिडीझ म्हणून ओळखते. त्यांनी देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालची पायरी कुरकुरत देणाऱ्याची. तिच्या वरची, योग्य त्याहून कमी पण हसतमुखाने देणाऱ्याची. मग मागितल्यावर देणारा. मग मागण्यापूर्वीच देणारा. त्याच्याही वर असा दाता, ज्याला घेणारा कोण हे माहीत नसते, जरी घेणाऱ्याला दाता ठाऊक असला. पूर्वीचे सत्पुरुष म्हणे नाणी कापडात बांधून पाठीवर टाकीत आणि मागून येणारे गरीब ती सोडून घेत. त्याच्या वर, घेणाऱ्याला दाता ठाऊक नाही अशी पायरी. त्याच्याही वर दोघेही परस्परांना अज्ञात.

"हे आपले गुप्तदान," शेठजींनी समाधानाने म्हटले. "म्हणजे सर्वांत वर तेच असणार."

"नाही, ते दुसरे. सर्वांत वर आहे ते कर्ज."

शेठजींना वाटले आपण चुकीचे ऐकले. परंतु मूळ वचन तसेच आहे: घसरू लागलेल्या माणसाला देणगी द्या, कर्ज द्या, धंद्यात भागीदार करून घ्या किंवा काम मिळवून द्या, जेणेकरून पुढे त्याच्यावर हात पसरण्याची वेळच येऊ नये. पन्नास वर्षे उधारीची वही सांभाळलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना ज्यांनी कर्जाचे व्यवहार केले आहेत त्यांनाच यावी. कर्ज देणे हा पोटाचा धंदा, पुण्य करायचे ते त्याच्या बाहेर, अशी त्यांची आजवरची समजूत होती आणि ती आपल्याकडे बहुतेकांची असते.

अर्थात हे कर्ज बिनव्याजी. तोराने गरिबाकडून व्याज घेण्यास मनाई केली आहे. गहाण ठेवलेले पांघरूण रात्र होण्यापूर्वी परत द्यावे, कारण गरिबाकडे अंगावर घ्यायला दुसरे काही नसते. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, असेही नियम तेथे आहेत. शेताचे कोपरे कापू नयेत, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये, ते गरिबांचे, परक्यांचे, विधवांचे व अनाथांचे. मास्तर हे सांगत असताना शेठजींना सरवा आठवला. ज्वारीची काढणी झाल्यावर राहिलेली कणसे वेचायला येणाऱ्या बायका त्यांनी लहानपणी पाहिल्या होत्या. आपल्याकडे सरवा वेचू देणे हे शेतकऱ्याच्या मनाचे मोठेपण समजले जाई. तेथे कोपरा कोणी वेचावा हे ठरवण्याचाही अधिकार मालकाला नाही. शेत त्याचे, कोपरा त्याचा नव्हे.

शेठजींनी एक अडचणीचा प्रश्न केला. "मास्तर, हे सारे आपल्या बांधवासाठी ना? परक्यांसाठी काय?"

मास्तरांनी तो टाळला नाही. त्या वचनात बांधव म्हणजे आपल्यातलाच असा अर्थ आहे हे त्यांनी मान्य केले. मात्र त्याहून कितीतरी जुन्या तालमूदमध्ये, शांतता नांदावी म्हणून आपल्या गरिबांबरोबर इतरांच्या गरिबांनाही पोसावे, असेही सांगितले आहे, हे त्यांनी जोडले. प्रत्येक समाजाची सेवा प्रथम घरातच सुरू होते. ती उंबरठ्याबाहेर पडते की नाही, एवढेच पाहायचे असते.

बेने इस्राएलांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजातील मुलांसाठी शाळा काढली. तेलाच्या घाण्यापासून दूर येऊन फौजेत, सुतारकामात आणि कारकुनीत शिरणाऱ्या समाजाला शिक्षणाखेरीज तरणोपाय नव्हता. पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ती नावारूपाला आली. रिबेका रूबेन या विदुषी तेथे दीर्घकाळ मुख्याध्यापिका होत्या. समाज इस्राएलला निघून गेला, वर्ग रिकामे होऊ लागले, तेव्हा शाळा बंद न करता तिने आजूबाजूच्या सर्व मुलांना दारे उघडली. आता तेथे बहुसंख्य विद्यार्थी इतर धर्मांचे आहेत. आपल्यासाठी बांधलेली वास्तू दुसऱ्यांच्या उपयोगी पडू लागली की काही लोकांना हळहळ वाटते. मास्तरांना ती वाटत नव्हती.

या समाजाचे सारेच सोन्यासारखे होते असे मात्र नव्हे. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद त्यांच्यातही होता आणि दीर्घकाळ रोटी-बेटीच्या व्यवहारात तो पाळला गेला. न्यायाचा शब्द प्रार्थनेत रोज असूनही घराच्या ओसरीवर अन्याय बसू शकतो. कोणत्या समाजाने यावर बोट ठेवावे?

पण या साऱ्या कथनात शेठजींच्या मनात रुतून बसली ती एका डॉक्टर स्त्रीची हकीकत. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९१ चा, शिमोग्याचा; शिक्षण पुण्यात आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून त्या विलायतेला गेल्या आणि लंडन विद्यापीठाच्या एम.डी. होऊन परतल्या. बालपणी बहिणीचे आजारपण कामा रुग्णालयात बरे झालेले पाहून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले होते. त्याच कामा रुग्णालयाची धुरा १९२८ पासून १९४७ पर्यंत त्यांनी वाहिली. १९२५ मध्ये बहीण लिया यांच्यासह त्यांनी मुंबईत 'ज्युइश रिलिजस युनियन' स्थापन केली. तिच्या प्रार्थनामंडळाचे नाव 'रोदेफ शालोम', म्हणजे शांततेच्या मागे जाणारे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाच्या त्या १९५० मध्ये पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गौरव एवढाच असता तर तो इतर अनेकांच्या गौरवात मिसळून गेला असता. झिराडबाईंनी आणखी एक काम केले. मुंबई शहरात बाळंतपणात इतक्या स्त्रिया मरतात त्या का मरतात, याची त्यांनी पद्धतशीर चौकशी केली आणि १९४१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. एखादी बाई दगावली की 'नशीब' म्हणून जी नोंद मिटवली जाई, तिच्यापुढे त्यांनी कारण लिहिण्याचा आग्रह धरला. एकेका बाईवर उपचार करणे ही सेवा झाली. सगळ्या बायकांचे मृत्यू एका ताळेबंदात मांडून ते कशामुळे झाले हे समाजाला विचारणे, हे त्याच्या पुढचे.

"शेठजी, तुमच्या वहीत कोणकोणते रकाने असतात?" मास्तरांनी सहज विचारले.

"तारीख, नाव, जमा, नावे, बाकी."

"कारण?"

कारणाचा रकाना कोणत्याच खातेवहीत नसतो. बँकेच्या अर्जात कर्जाचा हेतू लिहिण्याची जागा असते खरी. पण तीत 'घरगुती अडचण' असे दोन शब्द भरले की अधिकाऱ्याचे समाधान होते आणि पुढे ते पान कोणी उघडत नाही.

डोळा बरा झाला आणि शेठजी गावी परतले. दोन महिन्यांनी, भाद्रपद सरत असताना, वस्तीवरची एक बाई दुकानात आली. वय पस्तिशीचे, दिसायला पंचेचाळिशीची. नवऱ्यासह बारा हंगाम तोडलेली. किराणा न घेताच ती ओट्यावर बसून राहिली.

"शेटजी, यंदा जायचं न्हाई. पण मुकादमाची बाकी फिटल्याबिगर ऱ्हाता येत न्हाई."

"किती आहे बाकी?"

"बावीस."

"कशाची?" हा प्रश्न शेठजींनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

ती खाली बघत म्हणाली, "पिशवी काढली, तवाची."

बीड जिल्ह्यात या तीन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली आणि त्यांतील कितीतरी जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. अंगावरचे जाणे, पोटात दुखणे, खाडा नको म्हणून दुखणे अंगावर काढणे आणि अखेर 'पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल' असे सांगणारा कोणी भेटणे, असा हा मार्ग. शस्त्रक्रियेचा पैसाही बहुधा मुकादमाकडूनच उचलायचा. म्हणजे शरीराचा भाग गेला आणि त्याची किंमतही आपल्याच खाती नावे पडली. यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. नियम चांगला आहे. परंतु तो येण्यापूर्वी ज्यांच्या खात्यावर बाकी चढली, ती त्यामुळे उतरली नाही.

डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून ट्रकमध्ये चढणे तिला आता जमत नव्हते. वस्तीवर दळणाची सोय नव्हती, बायका दीड कोसावरून पीठ आणीत. एक घरघंटी मिळाली तर घर चालेल असा तिचा हिशेब होता. घरघंटीला २० हजार आणि मुकादमाचे २२, असे ४२ हजार. बँकेत ती जाऊन आली होती. २०१५ पासून मुद्रा योजनेत असे छोटे कर्ज तारणाशिवाय मिळावे असे कागदावर आहे. पण अर्धे वर्ष गावात नसणाऱ्या माणसाचा पत्ता, नोंद आणि पत यांवर खिडकीपलीकडील माणसाचा विश्वास बसत नाही. याचा दोष एका कारकुनावर टाकणे योग्य होणार नाही. त्याच्याही डोक्यावर थकबाकीचा आकडा असतो.

रात्री घरात वाद झाला. मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. "बाबा, दोन हजारांची उधारी वेगळी आणि हे वेगळे. तिला पाच हजार तसेच द्या, परत मागू नका. पण बेचाळीस दिले तर उद्या दाराशी रांग लागेल. आणि सावकारीचा कायदा?" कायद्याची भीती मात्र अनाठायी होती. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी अधिनियम व्याजाने दिलेल्या कर्जाला लागू होतो. बिनव्याजी हातउसने हा सावकारीचा व्यवहार नव्हे. हातउसने! किती जुना, घरगुती शब्द. मायमोनिडीझच्या सर्वांत वरच्या पायरीला मराठीत आधीपासून नाव होते, फक्त ते पायरीवर कोरलेले नव्हते.

शेठजींनी न्यूयॉर्कची एक गोष्ट मुलाला सांगितली. तीही मास्तरांकडूनच कळलेली. १८९२ मध्ये तेथील एका ज्यू प्रार्थनास्थळाच्या काही सभासदांनी अवघे ९५ डॉलर जमवून बिनव्याजी कर्ज देणारी संस्था काढली. नुकत्याच उतरलेल्या निर्वासितांना ती पाच-पाच डॉलर उसने देई. कोणी त्यातून शिवणयंत्र घेई, कोणी हातगाडीवरचा माल. ती संस्था आजही चालू आहे आणि कर्जदाराचा धर्म विचारत नाही. "बुडाली नाही?" मुलाने विचारले. "सव्वाशे वर्षांत नाही," शेठजी म्हणाले. मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही. ते आजही झालेले नाही.

वादाचा निकाल सुनेने लावला. ती बी.कॉम. झालेली, दुकानाची संगणकावरील नोंद तिच्याकडेच होती. ती म्हणाली, "द्यायचे असेल तर द्या. पण वही वेगळी करा आणि तिच्यात मास्तरांचा रकाना घाला."

अशी ती वही सुरू झाली. पहिल्या पानावर पहिले नाव: ४२ हजार, दरमहा १,५०० प्रमाणे २८ हप्ते, कारण – गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची उचल. मुकादमाला सुनेने स्वतः बोलावून बाकी चुकती केली आणि पैसे मिळाल्याचे त्याच्या सहीनिशी लिहून घेतले. तो गृहस्थ वाईट नव्हता. त्यालाही कारखान्याच्या उचलीची फेड होती. साखळीत प्रत्येक कडी दुसरीला बांधलेली असते.

घरघंटीचे काम सोपे गेले नाही. वस्तीवर विजेचा दाब कमी; दुसऱ्याच महिन्यात मोटार जळाली. दुरुस्तीला ३,४०० रुपये लागले आणि दोन हप्ते चुकले. मुलाने 'मी म्हणालो नव्हतो का' असे शब्दांत म्हटले नाही, एवढेच. मग दळणाची वेळ रात्री दहानंतर ठेवली, तेव्हा दाब बरा असे. तिसऱ्या महिन्यापासून हप्ता येऊ लागला, कधी १,५००, कधी १,१००, कधी ज्वारीच्या पिठासह. शेठजींनी पिठाचे पैसे वेगळे मांडले. दान आणि येणे यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हे त्यांनी आता मनाशी पक्के धरले होते.

मुलाचे भाकीतही खोटे ठरले नाही. रांग लागली. दुकानाच्या ऐपतीला मर्यादा होती. तीन हंगामांत नऊ जणींना रकमा देता आल्या. त्यांतील सहा नियमित फेडतात. एकीचा नवरा पैसे घेऊन तसाच ट्रकवर चढला आणि तिलाही जावे लागले. ती रक्कम बुडीत धरली आहे. दोघींचे हप्ते रखडत येतात. बँकेच्या निकषांनी पाहिले तर हे चित्र काही अभिमानाने मिरवण्यासारखे नाही.

पण दुसरा रकाना पाहण्यासारखा आहे. नऊपैकी पाच जणींच्या कर्जाचे मूळ दवाखान्यात होते. दोघींचे मुलीच्या लग्नात, एकीचे विहीर फसण्यात, एकीचे नवऱ्याच्या दारूत. इतकी वर्षे दुकानात बसून शेठजींचा समज होता की ही माणसे लग्नात उधळपट्टी करून कर्जात बुडतात; तसे ते चारचौघांत बोलतही असत. सुनेने बेरीज पुढे ठेवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सुनेने ही यादी, नावे वगळून, गावातील आशाताईंना दाखवली. नेकनूरला स्त्री रुग्णालय आहे. तेथे तपासणी मोफत होते. आणि तरीही वस्तीवरील बायका कर्ज काढून खासगीत का जातात, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. उत्तर अनेक पदरी निघाले: हंगामात दुखणे उसाच्या फडात सुरू होते आणि तेथे जवळ असतो तो खासगी दवाखानाच, गावी परतल्यावर मजुरी बुडवून दिवसभर बसायला वेळ नसतो, आणि बाईच्या दुखण्यासाठी घरातले कोणी सोबत यायला तयार नसते. शेवटच्यावर काही करता येण्यासारखे होते. पाडव्यानंतर फडावरून परतलेल्या बायकांना घेऊन सून आणि आशाताई आता दर पंधरवड्याला एकदा रुग्णालयात जातात. पिठाची गिरणी चालवणारी ती पहिली बाई त्यांच्यासोबत असते. दुकानातून त्यासाठी एक पैसाही लागत नाही. लागतो तो सकाळचा वेळ, आणि सकाळी दुकान मुलाला एकट्याने उघडावे लागते, याबद्दल तो कुरकुरतो. मायमोनिडीझच्या सर्वांत खालच्या पायरीवर तरी तो उभा आहे, असे शेठजी थट्टेने म्हणतात.

पाणपोईच्या फलकावरचे नाव गेल्या उन्हाळ्यात रंगवताना वगळले गेले. रंगाऱ्याने विचारले तेव्हा, "जागा पुरत नाही, नुसते 'पाणी' लिही," एवढेच शेठजी म्हणाले.

ठाण्याचे मास्तर अधूनमधून फोन करतात. वही कुठवर आली ते विचारतात. मागच्या वेळी त्यांनी त्या पत्र्याच्या पेटीत साठलेले २,३४० रुपये पाठवले आणि ते देणगी म्हणून नव्हे, तर हातउसने म्हणून मांडावेत, फिरून दुसऱ्या कुणाला देता यावेत म्हणून, असे बजावले. सुनेने त्यांच्या नावाचे खाते उघडले आहे.

यंदाच्या घटस्थापनेनंतर चौथ्या दिवशी एक नवी मुलगी ओट्यावर आली. कडेवर तीन महिन्यांचे लेकरू. बाकी ५,५०० रुपये, एवढ्याशा रकमेसाठी पुन्हा ट्रकवर चढायचे होते. सुनेने तिला पाणी दिले, वही उघडली आणि रकमेआधी कारण विचारले. ती सांगत गेली तसे सुनेने लिहिले: 'खाडा, अकरा दिवस, रोजचे ५००. बाळंतपण.'